बंदर चुकते तेव्हा

१० डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील मायामी बंदरातून ‘सेरेनेड ऑफ द सीज’ हे प्रवासी जहाज २७४ रात्रींच्या जगप्रदक्षिणेला निघाले. साठाहून अधिक देश आणि सातही खंड पाहण्याचा तो संकल्प होता. जहाज निघण्यापूर्वी तीनच आठवडे, १९ नोव्हेंबरला, येमेनच्या हूथी बंडखोरांनी लाल समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे मालवाहू जहाज ताब्यात घेतले होते. पुढे त्या पट्ट्यात जहाजांवर हल्ले होत राहिले आणि एकामागून एक कंपन्यांनी तो मार्ग सोडला. जानेवारी २०२४ मध्ये ‘सेरेनेड’च्या प्रवाशांनाही कळवण्यात आले, की जहाज आता लाल समुद्रातून जाणार नाही, आफ्रिकेला वळसा घालून ते युरोप गाठील. तेव्हा प्रवासाचा पहिला टप्पा, दक्षिण अमेरिकेचा, अजून पुरा व्हायचा होता.

त्या हंगामात जगप्रदक्षिणेला निघालेल्या इतरही अनेक जहाजांच्या वाट्याला हाच फेरा आला. नकाशावर तो एका बोटाने दाखवता येतो. प्रवाशाच्या मनात मात्र त्याची किंमत वेगळी असते. लाल समुद्राच्या वाटेवर अकाबा बंदरातून पेट्राचे दगडात कोरलेले नगर पाहता येते, सफागाहून लक्झरची मंदिरे गाठता येतात, आणि १९३ किलोमीटरचा सुएझ कालवा तर जहाजाच्या कठड्याशी उभे राहूनच पाहायचा असतो. ज्याने निवृत्तीची पुंजी मोडून, मुलांशी वाद घालून, याच तीन नावांसाठी तिकीट काढले, त्याला ‘त्याऐवजी केप टाउन पाहा’ असे सांगणे म्हणजे लग्नाचे आमंत्रण देऊन ऐनवेळी बारशाला बोलावण्यासारखे आहे. बारसेही आनंदाचेच असते. पण माणूस निघालेला असतो लग्नाला.

ही हुरहुर हसण्यावारी नेऊ नये. ‘समुद्रावर फुकटचे जेवतोस, आणखी काय हवे’ अशी थट्टा नातेवाईक करतात, तेव्हा त्यांना हे ठाऊक नसते, की लांबच्या सागरप्रवासाला बसणारा माणूस बहुधा सत्तरीच्या आसपासचा असतो आणि ‘पुढच्या वर्षी पाहू’ हे वाक्य त्याला सहज उच्चारता येत नाही.

तरीही एक गोष्ट तिकीट काढतानाच ध्यानात यायला हवी. जहाज कंपन्यांच्या करारपत्रात, बारीक अक्षरांत का होईना, असे कलम असतेच, की कोणतेही बंदर वगळण्याचा, बदलण्याचा किंवा तेथला मुक्काम आखडता घेण्याचा अधिकार कंपनीला आहे. माहितीपत्रकावरची रंगीत बंदरे हा कंपनीचा मानस असतो. करार होतो तो जहाजावरच्या खोलीचा, भोजनाचा आणि वाहतुकीचा. माहितीपत्रक सारेच वाचतात, करारपत्र फारच थोडे.

बंदर चुकण्याची कारणे नेहमी युद्धाइतकी मोठी नसतात. पुष्कळदा कारण असते नुसता वारा. ज्या ठिकाणी मोठ्या जहाजासाठी धक्का नाही, तेथे जहाज बाहेर थांबते आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. पॅसिफिकमधील ईस्टर बेट, अटलांटिकच्या दक्षिणेचे फॉकलंडमधील स्टॅनली, ग्रीसचे सँटोरिनी ही अशीच ठिकाणे. लाटांची उसळी वाढली, की वृद्ध प्रवाशाला हलत्या बोटीत पाय टाकायला लावणे धोक्याचे ठरते आणि कप्तान नांगर न टाकताच जहाज वळवतो. ईस्टर बेटाच्या बाबतीत हे वारंवार घडते. हजारो किलोमीटर कापून आलेले लोक दुर्बिणीतून किनाऱ्यावरचे दगडी पुतळे पाहतात आणि तसेच पुढे जातात.

कप्तानाच्या या निर्णयात कोणी ढवळाढवळ करू शकत नाही. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानेच, ज्याला ‘सोलास’ या संक्षेपाने ओळखतात, त्याला ही मुभा दिली आहे. जीवितरक्षणासाठी त्याने घेतलेल्या निर्णयाला जहाजाचा मालकही अडवू शकत नाही. संकटात सापडलेल्यांच्या मदतीला धावणे हे तर कप्तानाचे कर्तव्यच मानले आहे. या कराराचा जन्म १९१४ साली, ‘टायटॅनिक’च्या अपघातानंतर झाला. त्या रात्री मदतीला धावलेल्या ‘कार्पेथिया’ची कथा प्रवाशांच्या बाजूने फारशी सांगितली जात नाही. ते जहाज ११ एप्रिल १९१२ रोजी न्यूयॉर्कहून भूमध्य समुद्राकडे निघाले होते. त्यावरच्या लोकांनी जिब्राल्टर, नेपल्स पाहण्याचे बेत आखले होते. चार दिवसांनी पहाटे जागे झाले तो समोर हिमनग, आणि बोटींतून वर घेतले जाणारे गारठलेले लोक. सातशेहून अधिक जीव घेऊन जहाज माघारी वळले आणि १८ एप्रिलला पुन्हा न्यूयॉर्कलाच पोहोचले. कार्पेथियाच्या प्रवाशांनी आपले कपडे, पांघरुणे आणि खोल्याही वाचलेल्यांना दिल्या.

आजही जहाज अकस्मात वळते तेव्हा पुष्कळदा त्यामागे कोणा आजारी प्रवाशाला किनाऱ्यावरच्या रुग्णालयात पोहोचवण्याची घाई असते. कंपनी त्याचे नाव सांगत नाही, सांगूही नये. जेवणाच्या टेबलावर मात्र कुरकुर चालूच राहते.

ताटापर्यंत येणारा बदल

मार्ग बदलल्याची पहिली झळ सर्वसाधारण प्रवाशाला सहलीत लागते. जैन प्रवाशाला ती थोड्याच दिवसांत ताटात जाणवू लागते, आणि याचे कारण मोठे साधे आहे. लांबच्या सफरीवरील जहाज ठरावीक बंदरांत ताजा शिधा भरते. असे बंदर चुकले, की आधी संपते ती पालेभाजी, मग काकडी, टोमॅटो, भोपळी मिरची, मग फळे. शीतगृहात शेवटपर्यंत टिकून राहतात ते बटाटे, कांदे, गाजरे आणि बीट. म्हणजे समुद्रावर जे सर्वांत जास्त टिकते, नेमके तेच कंदमूळ म्हणून वर्ज्य. शेजारच्या टेबलावर कोणाला काही कमी पडले आहे याचा पत्ताही नसतो आणि जैन कुटुंबासमोर तिसऱ्या दिवशीही तीच कोबीची भाजी येते.

बहुतेक मोठ्या जहाजांवर जैन जेवणाची सोय पूर्वसूचना दिल्यास होते. ही सूचना प्रवासाच्या कित्येक आठवडे आधी, लेखी द्यावी लागते; जहाजावर पाऊल ठेवल्यावर दिलेल्या तोंडी सूचनेवर विसंबणे शहाणपणाचे नाही. मुदपाकखान्यात हजारो माणसांचा रस्सा एकदम शिजतो आणि त्याच्या मुळाशी कांदा-लसूण असतोच. म्हणून आदल्या रात्री भोजनगृहाच्या प्रमुखाकडे दुसऱ्या दिवसाचे पदार्थ सांगून ठेवण्याची पद्धत पडली आहे. मार्ग बदलल्याची घोषणा झाली, की त्याच संध्याकाळी त्याला एक प्रश्न विचारावा : पुढचा शिधा कोठे भरला जाणार, आणि तोवर किती दिवस आहेत? उत्तर ‘नऊ दिवस’ असे आले, तर त्या नऊ दिवसांची आखणी प्रवाशाने स्वतःच सुचवावी. आचारी मनाने चांगला असतो. पण ‘हे नको, ते नको’ अशी यादी ऐकून तो गोंधळतो. ‘हे करा’ असे सांगितले, तर त्याचे काम सोपे होते.

आणि येथे जैन स्वयंपाकघराचा शतकांचा अनुभव उपयोगी पडतो. अष्टमी, चतुर्दशीला किंवा पर्युषणात हिरवी भाजी न करता घर जेवू घालणाऱ्या गृहिणीला ताज्या भाजीवाचून नऊ दिवस काढणे कठीण कसे वाटावे? मुगाची उसळ, उडदाचे वरण, बेसनाचे गट्टे, पापडाची भाजी, केर-सांगरी, मेथीदाणे, वड्या, डाळढोकळी. यातले निम्मे सामान म्हणजे डाळ, बेसन, तांदूळ आणि कणीक. ते जहाजाच्या कोठारात असतेच. केर-सांगरी आणि पापड तेवढे घरून न्यावे लागतात. तिथी पाळण्याची जी रीत नव्या पिढीला कधी कधी जाचक वाटते, ती मुळातच टंचाईत रांधण्याची विद्या आहे, हे भर समुद्रात सहज पटते.

घरून नेलेल्या खाकरे-चिवड्याविषयी मात्र एक सावधगिरी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाद्यपदार्थ किनाऱ्यावर नेण्याबाबतचे नियम अत्यंत कडक आहेत. खोलीत खाल्ले तर हरकत नसते. पिशवीत घालून, न सांगता खाली उतरवले तर दंड होतो. मार्ग ऐनवेळी त्या बाजूला वळला आणि खांद्यावरच्या झोळीत दोन खाकरे विसरून राहिले, असे सहज घडू शकते.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी मार्गबदलाचा अर्थ याहून सूक्ष्म आहे. जूनच्या अखेरीस बार्सिलोनात सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. त्याच सुमारास केप टाउनला तो पावणेसहालाच मावळलेला असतो. म्हणजे भूमध्य समुद्रात ज्याला रात्रीचे आठ वाजले तरी निवांत जेवता आले असते, त्याला दक्षिण गोलार्धाच्या हिवाळ्यात पावणेसहाच्या आत हात धुवावे लागतात. सकाळची गोष्टही तशीच. तेथे जूनमध्ये सूर्योदयच पावणेआठनंतर. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली, तर पहिला घास पावणेनऊच्या सुमारास. जेवण्याखाण्याचा दिवस चौदा तासांवरून नऊ तासांवर येतो, आणि जहाजाचे भोजनगृह मात्र आपल्या ठरल्या वेळेलाच, साडेपाच-सहाला उघडते. मधुमेही प्रवाशाने ही बाब जहाजाच्या डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावी; गोळ्यांच्या वेळा अशा वेळी बदलाव्या लागतात. रोज खोलीत टाकल्या जाणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा बहुधा छापलेल्या असतात. त्या दाखवून जेवण पाचला बांधून घेता येते. ही विनंती विचित्र वाटेल असा संकोच बाळगू नये. रमजानच्या महिन्यात नेमकी उलटी विनंती करणारे प्रवासी जहाजाने पाहिलेले असतात.

ज्यांनी दिग्व्रत घेतले आहे त्यांच्यापुढे तर प्रश्न पोटापलीकडचा उभा राहतो. दहा दिशांत कोठवर जायचे याची मर्यादा घालून घेणाऱ्या श्रावकाला शास्त्रकारांनी ‘क्षेत्रवृद्धी’ हा अतिचार सांगितला आहे : एका दिशेची मर्यादा घटवून तेवढी दुसरीकडे वाढवून घेणे. उत्तरेकडचा सुएझ सुटला म्हणून दक्षिणेकडचे केप धरले, हे त्याचे इतके चपखल उदाहरण आहे, की जणू एखादा सागरप्रवासी समोर ठेवूनच तो नियम लिहिला असावा. अशा व्रतधारकाने निघण्यापूर्वी गुरूंचा सल्ला घेणे उत्तम. भर समुद्रात तो मिळणे अवघड. समुद्रप्रवास जैन समाजाला नवा नाही. श्वेतांबर परंपरेतील श्रीपालकथेत धवल शेठाची जहाजे, समुद्रात ढकलला गेलेला श्रीपाल आणि त्याचे कोकणच्या किनाऱ्याला, ठाण्याला लागणे हे सारे येते. ठाण्याच्या मुनिसुव्रतस्वामी मंदिराची ओळखच त्या कथेशी जोडलेली आहे. प्रवासक्रम इतका बदललेला प्रवासी दुसरा सापडायचा नाही.

पारपत्राचा रंग

एकाच टेबलावर जेवणाऱ्या दोन भावांना एकाच मार्गबदलाचा निराळा अनुभव येऊ शकतो. एक भाऊ लंडनमध्ये स्थायिक, ब्रिटिश पारपत्र असलेला, दुसरा पुण्याचा. जहाज आफ्रिकेकडे वळले, तर पहिला केप टाउनला सहज उतरेल. दुसऱ्याला दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो, आणि तो समुद्रावरून मिळवणे जवळजवळ अशक्य. मॉरिशस भारतीयांना व्हिसाविना प्रवेश देते. केनियासाठी २०२४ पासून आगाऊ इलेक्ट्रॉनिक परवानगी काढावी लागते. शेंगेन व्हिसावर पहिली आणि शेवटची तारीख छापलेली असते; जहाज पंधरा दिवस उशिरा पोहोचले, तर युरोपचा दरवाजा दारातच मिटू शकतो. काही देश तर जहाजावरून न उतरणाऱ्या प्रवाशाकडेही व्हिसा मागतात. आवश्यक कागदपत्रे बाळगणे ही प्रवाशाची जबाबदारी, असे कंपन्यांचे धोरण असते. मार्ग आम्ही बदलला, पण व्हिसा तुमचा तुम्ही पाहा, हा न्याय कानाला खटकतो आणि खटकायलाच हवा. तरी त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा निघतानाच सर्वांत लांबच्या शक्य मार्गाचे व्हिसा काढलेले बरे. शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा आणि जास्त मुदतीचा मागावा.

पैशांचा भाग थोडक्यात आटोपतो. चुकलेल्या बंदराचे कर व शुल्क बहुधा परत मिळते. ती रक्कम मूळ खर्चाच्या मानाने किरकोळ असते. जहाजामार्फत घेतलेल्या सहलीचे पैसे परत येतात. बाहेरून परस्पर ठरवलेल्या सहलीचे येतीलच असे नाही. विमा घेताना दोन गोष्टी तपासाव्यात : बंदर चुकल्याची भरपाई त्यात आहे का, आणि युद्धजन्य परिस्थिती वगळली आहे का. संकट जगजाहीर झाल्यानंतर काढलेला विमा त्या संकटापुरता उपयोगी पडत नाही. मार्ग बदलल्याचे जहाजाकडून आलेले पत्र जपून ठेवावे, कारण दाव्याच्या वेळी तेच मागितले जाते. परतीचे विमान प्रवास संपण्याच्या दिवशीचेच काढू नये.

मार्गबदलाचे सर्वांत कठोर रूप जगाने २०२० साली पाहिले. ‘वेस्टरडॅम’ जहाजाला फेब्रुवारीत पाच ठिकाणांनी नकार दिला. अखेर १३ फेब्रुवारीला कंबोडियाच्या सिहानुकविले बंदराने त्याला घेतले. ‘झांडाम’ ७ मार्चला ब्यूनोस आयरेसहून निघाले, चिलीत संपायचे होते; दारे बंद होत गेली आणि २ एप्रिलला फ्लोरिडाला लागेपर्यंत त्यावरील चार प्रवासी मृत्यू पावले होते. ‘कोस्टा डेलिझिओसा’ जानेवारीत व्हेनिसहून जगप्रदक्षिणेला गेले होते. जहाजावर संसर्ग नसतानाही त्यातील प्रवाशांना सुमारे पाच आठवडे जमिनीवर पाय ठेवता आला नाही; एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते बार्सिलोना आणि जिनोआला उतरले. त्या आठवड्यांत पेट्रा किंवा पिरॅमिड कोणालाच आठवत नव्हते. प्रश्न होता रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या आहेत, हा. नियोजित मुदतीपेक्षा निदान महिनाभराची जास्त औषधे, ती दोन वेगळ्या पिशव्यांत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे व्यापारी नाव न लिहिता मूळ नाव लिहिलेले, एवढी तयारी त्या वर्षानंतर ऐच्छिक राहिलेली नाही.

त्याच काळात जहाजांवरचे कर्मचारी प्रवाशांपेक्षाही जास्त दिवस अडकले. त्यांत गोव्याचे तारवटी होते, कोकणातले होते, केरळचे होते. प्रवासी घरी गेल्यावरही कित्येकांना महिनोन्‌महिने रिकाम्या जहाजांवर राहावे लागले. स्वागतकक्षाच्या खिडकीशी उभा राहून मार्गबदलाबद्दल आवाज चढवणारा प्रवासी ज्या तरुणाशी बोलत असतो, त्याने मार्ग बदललेला नसतो. नव्या वेळापत्रकामुळे कदाचित त्याचीही रजा पुढे गेलेली असते. तक्रार करावी, अवश्य करावी. पण ती लेखी, कंपनीच्या कार्यालयाकडे, आणि शक्य तर इतर प्रवाशांसह.

काही बदल तर प्रवास सुरू होण्यापूर्वीच घडतात. ‘व्हिला व्ही ओडिसी’ हे कित्येक वर्षे जगभर फिरत राहण्यासाठी सज्ज केलेले जहाज. त्यावरच्या खोल्या लोकांनी घर म्हणून घेतल्या होत्या. काहींनी आपली मूळ घरे विकली होती. मे २०२४ च्या अखेरीस ते बेलफास्टहून निघायचे होते. सुकाणूचे आणि गिअरबॉक्सचे दुरुस्तीकाम लांबत गेले. प्रवाशांना दिवसा जहाजावर येऊन जेवता येई; रात्री मात्र उतरून हॉटेलात जावे लागे. जून गेला, जुलै गेला. काहींनी त्या दिवसांत युरोपभर भटकंती केली, काहींना बेलफास्टचे पावसाळी रस्ते तोंडपाठ झाले, दुकानदार नावाने हाक मारू लागले. चार महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या रात्री, जहाज एकदाचे धक्क्यावरून हलले. लोक डेकवर जमले, निरोपाचे हात हलले. मग कागदपत्रांची काही पूर्तता राहिल्याचे समजले, आणि जहाज खुल्या समुद्राऐवजी बेलफास्टच्याच आसऱ्याला परत आले. ते खरोखर निघाले त्यानंतर आणखी काही दिवसांनी.